‘प्रेमळ होती, कष्टाळू होती’ याच्या पुढची आई कशी लिहायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई जाऊन पाच आठवडे झाले. तुमच्या मुली अकरा आणि पाच वर्षांच्या आहेत, त्यांना आजी कळावी म्हणून तिच्याविषयी काही पानं लिहून ठेवायची आहेत. पण लिहायला बसलात की ‘प्रेमळ होती, कष्टाळू होती, आमच्यासाठी झिजली’ एवढ्यावर हात थांबतो. आणि मग आपण आईला नीट ओळखतच नव्हतो की काय, अशी भीती वाटते.

माझी आई जाऊन सात वर्षं झाली. तुम्ही जिथे अडकला आहात तिथेच मीही अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पहिल्यांदा लिहिलं ते दीड पान होतं. माझ्या भावाने ते वाचलं, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “ताई, ही कुणाचीही आई असू शकेल.” मला ते फार लागलं. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. प्रत्येक वाक्यात आई होती, पण गोष्ट आमची होती. तिने आम्हाला शिकवलं, आमची आजारपणं काढली, आमची लग्नं केली, आमची मुलं सांभाळली. त्या दीड पानात आम्ही वाढत होतो, मोठे होत होतो, आणि ती मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच वयाची, एकाच जागी उभी होती. ‘झिजली’ हा शब्द खोटा नाही. पण त्या शब्दातून आपल्याला काय मिळालं एवढंच कळतं. ती कशी हसायची, कशाला घाबरायची, एकटी असताना काय करायची, हे काहीच कळत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आत्ता लिहू नका. आधी विचारत फिरा. आणि सुरुवात धाकटीपासून करा, या आठवड्यातच.

याला कारण आहे. लहानपणच्या आठवणी कशा पुसल्या जातात यावर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं काम केलं. तीन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांनी नुकत्याच घडलेल्या घटनांविषयी बोलतं केलं, ते रेकॉर्ड केलं, आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच घटना पुन्हा विचारल्या. पाच ते सात वर्षांपर्यंत मुलांना निम्म्याहून बऱ्याच जास्त घटना आठवत होत्या. आठव्या-नवव्या वर्षी ते प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास आलं. मोठ्या माणसांना स्वतःची सगळ्यात जुनी आठवण सहसा तीन-साडेतीन वर्षांची असते, त्याआधीचं काही उरत नाही, हे आपण ऐकलेलं असतं. पण ते पुसलं जाण्याचं काम शाळेच्या पहिल्या काही वर्षांत होतं, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या धाकटीच्या डोक्यात आज जी आजी आहे ती आणखी तीन-चार वर्षांनी बरीचशी गेलेली असेल. तुमच्या आठवणी थांबतील, मावशीच्याही काही महिने थांबतील. धाकटीच्या थांबणार नाहीत.

पण तिला ‘आजी कशी होती?’ असं विचारलंत तर ती ‘छान’ म्हणेल आणि खेळायला जाईल. माझा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता, त्यानेही मला तेच सांगितलं. मग मी त्याच्याबरोबर आईच्या घराचा जिना चढले आणि विचारलं, “इथे आजी काय करायची?” तो लगेच म्हणाला, “पायऱ्या मोजायची. पण ती नेहमी सात विसरायची. सहा, आठ. मग मी म्हणायचो, आजी, चुकलीस!”

मी तिथेच पायरीवर बसले. आमच्यापैकी कुणालाही हे ठाऊक नव्हतं. तो एक आकडा गाळून ती त्याला मोजायला शिकवत होती, की तिला पकडण्यातला त्याचा आनंद बघायला तिला आवडायचं, की दोन्ही, हे मला सांगता येणार नाही. पण ‘नातवंडांवर तिचा जीव होता’ हे वाक्य मी खोडलं आणि तिथे ती सातवी पायरी लिहिली. आज तो तेरा वर्षांचा आहे. परवा त्याला विचारलं तर जिना आठवत नाही. मी लिहून ठेवलेलं तेवढं आठवतं.

तेव्हा मुलांना जागेवर न्या, वस्तू हातात द्या, आणि नेमकं विचारा. ती हाक कशी मारायची? तू पडलीस तेव्हा आधी काय करायची, उचलायची की आधी कुठे लागलं ते बघायची? तिला कशाचा राग यायचा? आणि मूल काही सांगायला लागलं की ‘अगं, तसं नव्हतं ते’ असं म्हणू नका. नुसतं ‘मग?’ म्हणा. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आया मुलांना ‘आणखी सांग’ म्हणत, मुलं नेतील तिकडे गोष्ट जाऊ देत, त्यांच्या मुलांनी पुढच्या वर्षांत आठवणी जास्त तपशिलाने सांगितल्या. थोरलीचं वेगळं आहे. अकराव्या वर्षी मुलांना दुःखाचा संकोच वाटतो, समोर बसवून विचारलं की ती मिटतात. माझी मुलगी त्याच वयाची होती. कपाट आवरताना, पाठीला पाठ लावून, ती जे बोलली ते टेबलाशी बसून कधी बोलली नसती.

मग आईच्या पिढीकडे जा. माणूस म्हातारा झाला की त्याला दहा ते तीस या वयातल्या गोष्टी बाकीच्या आयुष्यापेक्षा जास्त आणि जास्त ठळक आठवतात. आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आणि आईच्या आयुष्यातली नेमकी हीच वीस वर्षं आपल्याला सगळ्यात कमी माहीत असतात, कारण आपण तेव्हा नव्हतो, किंवा मांडीवर होतो. तिची भावंडं, वर्गमैत्रिणी, पहिल्या कामावरचं कुणी हयात असेल तर त्यांना ‘आईबद्दल काहीतरी सांगा’ म्हणू नका. ‘ती अठरा वर्षांची असताना तिचा दिवस कसा जायचा?’ असं विचारा. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. मावशीच्या बोलण्यातले थांबे मला आज शब्दांइतकेच मोलाचे वाटतात.

मावशीकडे मला जे कळलं ते सांगायलाच हवं.

आईकडे एक पेन्सिल असायची. मऊ शिशाची, काळीभोर उमटणारी. त्या पेन्सिलीला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. शार्पनरने टोक केलेलं तिला चालायचं नाही, ब्लेडने स्वतः करायची. नातवंडांना घरातलं सगळं मोकळं होतं, ही पेन्सिल सोडून. आणि त्या पेन्सिलीने ती जुन्या वह्यांवर, पाकिटांच्या पाठीमागे काहीतरी गिरगटत बसायची, वाकड्या रेघा, आकडे, ठिपके. आम्हाला वाटायचं, हात चाळवायला करते. मी लहानपणी तिला एकदा विचारलंही होतं, “काय काढतेस?” “काही नाही गं,” म्हणाली होती.

मावशी म्हणाली, “अगं, ते शॉर्टहँड! तुझी आई परीक्षेत पहिली आली होती. दोन वर्षं नोकरी केली तिने. तू झालीस आणि सोडली.”

मी पन्नाशीला टेकलेली बाई. आई लघुलेखन, म्हणजे बोलणं खुणांनी भराभर टिपून घेणं, शिकली होती हे मला ठाऊक नव्हतं.

आयझॅक पिटमनने 1837 साली काढलेली ही पद्धत अक्षरांवर चालत नाही, उच्चारांवर चालते, म्हणून इतर भाषांनाही ती लावता आली. तिच्यात ‘प’ आणि ‘ब’ यांची रेघ एकच. ‘प’ची बारीक, ‘ब’ची जरा दाबून जाड. बॉलपेनने हा फरक नीट उमटत नाही. पेन्सिलीचं कोडं तिथे सुटलं. ओळखीतून एक निवृत्त लघुलेखक भेटले, त्यांच्यासमोर वही ठेवली. ते म्हणाले, प्रत्येकाचा हात वेगळा असतो, शिवाय भराभर लिहिताना स्वरांच्या खुणा गाळतात. नुसती व्यंजनं उरतात, आणि बाकीचं संदर्भावरून ओळखायचं. संदर्भ त्यांच्याकडे नव्हता. तो माझ्याकडे होता. ते म्हणायचे, “न, ज, ल?” आणि मी म्हणायचे, “निजली.”

निजली. पहिल्याच वहीत तो शब्द कितीदा होता! 11 वाजता ताप 102. 1 वाजता 102. 3 वाजता 101. निजली. ती मी होते, तिसरीत असताना. मला ते आजारपण आठवतं ते शाळा बुडली म्हणून. मी जागी नव्हते तेव्हा कुणी दर दोन तासांनी कपाळाला हात लावत होतं, आणि लिहीत होतं, हे मला कसं आठवणार? ‘आमची आजारपणं काढली’ या माझ्या वाक्यात त्या रात्रीचे तास कुठेच नव्हते.

नंतरच्या वह्यांमध्ये नातवंडांची वाक्यं होती. त्यांनी पहिल्यांदा काय म्हटलं, कोणता शब्द उलटा म्हटला, कोण कशाला भ्यालं. आणि मधेच एका पानावर एवढंच: “आज कुणी काही मागितलं नाही. दुपारभर वाचलं.” माझ्या मते तिच्याविषयी लिहिलेल्या सगळ्या पानांमध्ये हे तिचं सगळ्यात खरं वाक्य आहे. ते वाचून मला अपराधी वाटलं, आणि आनंदही झाला, की तशी एक दुपार तरी तिला मिळाली होती.

सगळ्यांच्या आया शॉर्टहँड लिहीत नसतात, हे मला समजतं. पण तुमच्या आईची अशी एखादी पेन्सिल असणारच. घरात सगळ्यांनी पाहिलेली, कुणीच न विचारलेली गोष्ट. ती शोधा. ठरावीक वेळी गच्चीत जाऊन उभं राहणं असेल, एखाद्या नावावर विषय बदलणं असेल. तिथून वाट आत जाते.

तुम्ही ‘आई’ आणि ‘आजी’ असं दोन्ही लिहिलंत, त्यावर थोडं. आपण आजीपण हे आईपणाचं शेपूट असल्यासारखं शेवटच्या परिच्छेदात उरकतो: ‘नातवंडांची लाडकी आजी’. माझ्या दीड पानात तेवढंच होतं. नंतर वाचनात आलं की बायका मुलं होण्याचं वय सरल्यावरही इतकी वर्षं का जगतात, हे कोडं मानवशास्त्रज्ञांना बराच काळ पडलेलं आहे. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांचे सहकारी टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांमध्ये राहिले. तिथे म्हाताऱ्या बायका जमिनीतून कंद खणून काढतात, आणि मुलीला नवं बाळ झालं की दूध सुटलेल्या थोरल्या नातवंडांची पोटं त्या भरतात. आजीच्या या कामामुळेच माणसाचं आयुष्य लांबलं असावं, असा त्यांचा तर्क आहे. पुढे 2004 मध्ये फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. पन्नाशीनंतर आई जितकी जास्त जगली तितकी तिची नातवंडं जास्त. दर दहा वर्षांमागे साधारण दोन. या तर्कावर वाद आहेत, पण माझी नजर त्याने बदलली. आईची शेवटची वीस वर्षं मी ‘निवृत्ती’ समजत होते. तिच्या वह्या सांगतात की ती पुन्हा कामावर रुजू झाली होती. तुमच्या लेखनात त्या वर्षांना स्वतंत्र जागा द्या. ती कोणत्या वेळी उठायची, मुलींना शाळेतून कोण आणायचं, तुम्ही दोघं कामावर असताना त्या घरात काय चालायचं? बहुतेक तुम्हाला माहीत नसेल. मुलींना माहीत आहे.

दोष लिहायचे की नाहीत? लिहा. माझ्या भावाला आणि मला यावर बरंच भांडावं लागलं. आई अबोला धरायची. चार-चार दिवस. आम्ही हे लिहिलं नसतं तर माझ्या वहिनीला त्या पानांत ओळखीची सासू सापडली नसती, आणि तिचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वास उडाला असता. शिवाय अबोला सुटायचा कसा, ते फार सुंदर होतं: ती काही न बोलता तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून तो उशाशी ठेवायची. अबोला गाळला तर ते बटणही गाळावं लागतं. तुमच्या मुलींनी आजीची चिडचिड पाहिलेली आहे. त्यांना नुसती देवता वाचायला दिलीत तर ती त्यांची आजी वाटणार नाही. फक्त दुसऱ्या कुणाला उघडं पाडणारं, ज्याला आता उत्तर देता येत नाही असं काही लिहू नका. तेवढी रेघ ओढा.

भावंडांच्या आठवणी जुळणार नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा आई रडली, असं मी शपथेवर सांगेन. भाऊ म्हणतो, ती त्या दिवशी हसत होती आणि रडले ते बाबा. आठवण म्हणजे कपाटातून काढलेला फोटो नसतो. प्रत्येक वेळी ती थोडी नव्याने रचली जाते, त्यामुळे दोघंही खोटं न बोलता वेगळं सांगू शकतात. आम्ही दोन्ही लिहून ठेवलं, नावांसकट. कोण बरोबर, हे ठरवायला बसलो असतो तर लिखाण तिथेच संपलं असतं.

काही कामं घाईची आहेत. तिचा फोन आणि तिचा नंबर एवढ्यात बंद करू नका. तिच्या आवाजातले निरोप, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज आधी दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. चेहरा फोटोंमुळे टिकतो, आवाज फार लवकर हातून जातो. जुन्या कागदी फोटोंवर कोण कोण आहे ते तिच्या बरोबरीच्या माणसांकडून आत्ताच विचारून घ्या आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. पेनाची शाई पुढे उमटते. चकचकीत कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे पाकिटावर लिहा. एखादा कपडा न धुता हवाबंद पिशवीत ठेवा. लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका. वासाइतकं थेट काहीच तिथे नेत नाही.

आणि तुम्ही शेवटी विचारलंत, की हे सगळं उकरत बसणं बरं का, घरचे म्हणतात आता मन घट्ट कर, पुढे बघ. शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं, ही समजूत बरीच जुनी आहे. पण 1996 मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकात वेगळी बाजू मांडली गेली: बहुतेक माणसं नातं तोडत नाहीत, ते बदलून पुढे नेतात, आणि त्यात आजारी असं काही नाही. माझा अनुभव तसाच आहे. लिहायला लागल्यावर माझं रडणं आधी वाढलं. दोन-तीन महिन्यांनी ते वेगळं झालं. मी ‘आई गेली’ म्हणून कमी आणि ‘आई अशी होती तर’ म्हणून जास्त रडू लागले. एखादा दिवस सोसला नाही तर वही बंद करा. पण झोप, जेवण, काम सगळंच आठवडेच्या आठवडे कोलमडलं असेल, तर लिहिण्यावर भरवसा न ठेवता डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. मी बोलले होते.

आईला आपण ओळखत नव्हतो की काय, ही तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. मीही तिला अर्धीच ओळखत होते. शॉर्टहँडमध्ये ती का लिहायची, याचं उत्तर मावशीकडेही नव्हतं. सवय असेल. किंवा कुणी वाचू नये म्हणून असेल. या दुसऱ्या शक्यतेने आम्हाला फार छळलं. शेवटी भावाने आणि मी ठरवलं: आमच्याविषयीच्या आणि नातवंडांविषयीच्या वह्या वाचून घ्यायच्या. सगळ्यात जुनी एक वही आहे, माझ्या जन्माच्या आधीची. ती त्या लघुलेखकांना दाखवली नाही. तिची पेन्सिल त्याच वहीत ठेवली आहे, तिने केलेल्या टोकासकट.

वाचलेल्या वह्यांमध्ये पंधरा-वीस शब्द कुणालाच लागले नाहीत. नातवंडांसाठी छापून घेतलेल्या प्रतीत आम्ही त्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. मागच्या महिन्यात माझ्या भाच्याने त्यातली एक भरली. ‘ग, ळ, ल’ अशी व्यंजनं होती, पुढे सातचा आकडा होता. आम्ही औषधाचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. तो म्हणाला, “आत्या, आज सात गाळला असेल.”